‘बॉब’ क्लेमेंटेच्या शोधात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी बेसबॉल कार्डांबद्दलची, म्हणजे च्युइंगगमच्या पॅकेटात निघणाऱ्या खेळाडूंच्या चित्रांबद्दलची पत्रं एकगठ्ठा आली, आणि बहुतेक एकाच माणसाभोवती फिरणारी: रॉबर्टो क्लेमेंटे. पोर्तो रिकोतल्या कॅरोलिनाचा, १९५५ ते १९७२ पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचा राइट फील्डर (मैदानाची उजवी बाजू राखणारा), पाठीवर २१ नंबर, खात्यावर मोजून ३,००० हिट, म्हणजे यशस्वी फटके. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि त्यात तो गेला. त्याची कार्डं जमवणं ही बाकीच्यांपेक्षा जरा वेगळी गंमत आहे. का ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये खेळतो, २१ नंबरच मागून घेतो. त्याला क्लेमेंटेची खरी जुनी कार्डं द्यायची आहेत. बजेट दोनशे डॉलर. पण इंटरनेटवर शोधलं की साठच्या दशकातली फारच थोडी दिसतात. इतकी दुर्मीळ आहेत का? (एडिसन, न्यू जर्सी)

दुर्मीळ नाहीत. तुम्ही चुकीच्या नावाने हाक मारताय. टॉप्स कंपनीने १९५५ आणि १९५६ ला कार्डावर ‘रॉबर्टो’ छापलं, मग १९५७ पासून १९६९ पर्यंत सरळ ‘बॉब क्लेमेंटे’ करून टाकलं. त्याला स्वतःला हे अमेरिकी बारसं आवडत नसे. ‘रॉबर्टो’ परत आला तो १९७० च्या कार्डावर. विकणारे बहुधा कार्डावर जे दिसतं तेच मथळ्यात लिहितात. त्यामुळे प्रत्येक शोध दोनदा करायचा, एकदा ‘रॉबर्टो’, एकदा ‘बॉब’. आडनावाचं स्पेलिंग चुकवणारेही असतात. तिसरा शोध तसा करून बघा, कधी कधी चांगला माल तिथेच पडून असतो.

दोनशे डॉलरमध्ये सुरुवात शेवटाकडून करा. १९७३ चं ५० नंबरचं कार्ड हे त्याचं टॉप्सचं अखेरचं नियमित कार्ड. त्यानंतर १९७२ ची दोन, ३०९ आणि लगेच पुढचं ३१० ‘इन अ‍ॅक्शन’, म्हणजे प्रत्यक्ष खेळतानाचं. मग १९७० चं ३५०. ही चार मधल्या प्रतीत घेऊनही पैसे उरावेत. उरलेल्या पैशात ‘लीडर्स’ कार्डं शोधा. क्लेमेंटेने १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ ला नॅशनल लीगचं बॅटिंगचं विजेतेपद मिळवलं. त्या त्या पुढच्या वर्षीच्या संचात, म्हणजे १९६२, १९६५, १९६६ आणि १९६८ ला, पहिल्या तिघा-चौघांचं मिळून एक कार्ड आहे. चेहरा त्याचाच, छपाई त्याच वर्षाची, किंमत एकट्याच्या कार्डाच्या काही अंशच. मात्र १९६८ चं लीडर्स कार्ड संचातलं एक नंबरचं. पोरं कार्डं नंबरवार लावून वर रबरबँड चढवत, त्याचा वळ सगळ्यात वरच्या कार्डावर उठे. कडांच्या मध्यावर खाच दिसते का ते आधी बघा.

एका वर्षापुरतं सावध राहा. १९६२ चं १० नंबरचं कार्ड परवडतं आणि १९६३ चं ५४० एकदम डोळे पांढरे करतं. त्याला कारण आहे. टॉप्स पूर्ण संच एकदम छापत नसे, उन्हाळाभर मालिका-मालिकांनी काढत असे. शेवटच्या मालिकेपर्यंत शाळा सुरू होण्याची वेळ येई, दुकानदार फुटबॉलची कार्डं मागवायला लागत, बेसबॉलचा शेवटचा माल कमी उचलला जाई. ५४० त्या शेवटच्या खेपेतलं. याला ‘हाय नंबर’ म्हणतात आणि नंबर बघितल्याशिवाय भाव समजत नाही.

कार्ड तपासून त्याला १ ते १० मधला आकडा, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या आणि ते प्लॅस्टिकच्या डब्यात सीलबंद करणाऱ्या कंपन्या असतात. त्या ग्रेडचं वेड पहिल्या वर्षी नको. पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांचं ३ ग्रेड मिळालेलं पण चित्र मधोमध बसलेलं, रंग ताजे असलेलं कार्ड मुलाला ५ वाल्या तिरक्या कार्डापेक्षा जास्त आवडेल. पीएसएच्या लेबलवर आकड्यामागे अक्षरं असली तर ती वाचा : ‘ओसी’ म्हणजे छपाई एका बाजूला सरकलेली, ‘एमके’ म्हणजे पेन-पेन्सिलची खूण, ‘एसटी’ म्हणजे डाग. जाहिरातीत आकडा ठळक असतो, अक्षरं बारीक.

प्रश्न : माझ्या मामांनी अमेरिकेहून आणलेल्या १९७१ च्या कार्डावर क्लेमेंटेची शाईतली सही आहे. तो तर १९७२ ला गेला, म्हणजे ही फार मोलाची असणार ना? (पुणे)

सही त्याचीच आहे, पण छापलेली. १९७१ च्या टॉप्स कार्डांवर खेळाडूच्या सहीची नक्कल छायाचित्रावरच छापायची पद्धत होती. १९५५, १९५६, १९५९ आणि १९६७ च्या संचांतही तसंच. सराफाकडचं दहापट भिंग घ्या आणि कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. खऱ्या बॉलपेनने कागदावर बारीक चर पडतो, वळणावर शाई साचते आणि रेघ एकमेकींवरून गेलेल्या जागी गडद दिसते. छापील सहीला चर नसतो, चकाकी बाकीच्या चित्रासारखीच सलग राहते. शिवाय इंटरनेटवर १९७१ चं दुसरं कुठलंही क्लेमेंटे कार्ड उघडा. सही त्याच जागी, त्याच वळणाची दिसली की विषय मिटला.

कार्ड मात्र फेकू नका, ६३० नंबरचं आहे ते. फक्त त्याच्या काळ्या कडा भिंगाखाली तपासा. १९७१ च्या संचाची किनार पूर्ण काळी, आणि कोपरा जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा चमकतो. म्हणून लोक काळं स्केचपेन फिरवतात. छापलेला काळा फक्त वरच्या पृष्ठभागावर असतो. स्केचपेनचा काळा पुठ्ठ्याच्या जाडीत, म्हणजे कडेच्या भिंतीवर उतरलेला दिसतो आणि तिरक्या उजेडात जांभळट किंवा तपकिरी झाक मारतो. अशा कार्डाला ग्रेडिंगवाले आकडा देत नाहीत, ‘ऑथेंटिक, आल्टर्ड’ एवढाच शेरा मिळतो. नैसर्गिक घासलेलं पांढरं बरं, रंगवलेलं काळं नको.

प्रश्न : १९५५ चं पदार्पणाचं कार्ड एकाने ‘आजोबांच्या अल्बममधलं’ म्हणून चारशे डॉलरला देऊ केलंय. डब्यात सीलबंद नाही. खरं-खोटं घरी कसं ओळखायचं? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

चारशे हा आकडाच पहिली धोक्याची घंटा. १९५५ चं १६४ नंबरचं कार्ड अगदी मोडकं-घड्या पडलेलं असलं तरी हजार डॉलरच्या वरच जातं. ते त्या वर्षीच्या हाय नंबर मालिकेत आहे. आजोबांची गोष्ट कार्डाबरोबर फुकट मिळते, तिला किंमत लावू नका.

घरच्या तपासणीसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे भिंग नव्हे. १९५५ चंच, कुणा साध्या खेळाडूचं एक स्वस्त कार्ड, ज्याला ‘कॉमन’ म्हणतात, ते आधी विकत घ्या. दहा-पंधरा डॉलरची गुंतवणूक. आता तुमच्याकडे त्याच कारखान्यातला, त्याच पुठ्ठ्याचा अस्सल नमुना आहे. पुढची प्रत्येक चाचणी दोन्ही कार्डं शेजारी ठेवूनच करायची.

माप आधी. १९५५ आणि १९५६ ची टॉप्स कार्डं आजच्या कार्डांपेक्षा मोठी : २ ५/८ इंच बाय ३ ३/४ इंच, म्हणजे साधारण ६६.७ बाय ९५.३ मिलिमीटर. १९५७ पासून आजचं माप आलं, ६३.५ बाय ८८.९. व्हर्नियरने तिन्ही ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. कारखान्यातही अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होई, त्यावरून दचकू नका. पण एक टोक दुसऱ्यापेक्षा अरुंद निघालं, किंवा कोपरे टोकदार आणि मधला पृष्ठभाग मात्र झिजलेला असला, तर कुणीतरी कडा छाटून कोपरे ‘नवे’ केलेत. दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून कडेने बघा. ताज्या छाटलेल्या कडेचा पुठ्ठा शेजारच्यापेक्षा उजळ दिसतो.

मग भिंग. रंगीत चित्र अस्सल कार्डातही ठिपक्यांचंच असतं, ठिपके दिसले म्हणून घाबरू नका. बघायचं ते काळी अक्षरं. मूळ छपाईत मागच्या-पुढच्या काळ्या मजकुराची वेगळी प्लेट असे, म्हणून अक्षर एकसंध काळं, कडा धारदार. नक्कल बनवणारा मूळ कार्डाचा फोटो घेऊन छापतो. तिथे अक्षरांतही निळे-गुलाबी-पिवळे ठिपके शिरलेले असतात आणि कडा केसाळ दिसतात. बहुतेक नकला इथेच पडतात.

राहिल्या तर टॉर्च. अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा दिवा लावा, दोन्ही कार्डांतून सारखाच उजेड आरपार यायला हवा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखालीही तुलनाच करा. नव्या कागदातली उजळवणारी रसायनं निळसर झगमगतात, कॉमन शांत असेल आणि क्लेमेंटे झगमगत असेल तर उत्तर मिळालं. वजनकाटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचा असेल तर तोही वापरा.

एक गोष्ट लक्षात ठेवा : सगळ्या नकला चोरांनी केलेल्या नाहीत. १९९८ मध्ये खुद्द टॉप्सने त्याच्या जुन्या कार्डांच्या पुनर्मुद्रणाची मालिका काढली होती. ती प्रामाणिक होती. अप्रामाणिक तो, जो पुनर्मुद्रणाच्या खुणा खरवडतो आणि चहाच्या पाण्यात बुडवून कार्ड ‘म्हातारं’ करतो. खरं म्हातारपण असमान असतं, बोटं लागतात तिथे जास्त आणि मध्ये कमी. चहाचं म्हातारपण सगळीकडे सारखं.

आणि सीलबंद डब्यातलं घेतलंत तरी लेबलवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघा. डबेही नकली निघतात. नंबर जुळला तर तिथला फोटो आणि हातातलं कार्ड यांचं सेंटरिंग (चित्र किती मधोमध बसलंय ते) आणि छपाईचे बारीक ठिपके ताडून बघा.

प्रश्न : केलॉग्जच्या नाश्त्याच्या सीरियलच्या डब्यात निघालेलं १९७० चं थ्रीडी क्लेमेंटे कार्ड घेतलं. आलं तेव्हा जवळजवळ सपाट होतं, आता पावसाळ्यात पन्हळीसारखं वळलंय. पुस्तकाखाली दाबून ठेवू का? (ठाणे)

पुस्तक लगेच काढा. ही कार्डं दोन थरांची : वर उभ्या रेघांचं प्लॅस्टिक, खाली कागद. ओलाव्याने कागद फुगतो, प्लॅस्टिक फुगत नाही, शिवाय वर्षानुवर्षांत ते थोडं आक्रसतं. दोघांची ओढाताण म्हणजे हा बाक. बाक हा दोष खरा, पण क्षम्य. वळलेलं कार्ड जोर लावून सपाट केलं की रेघांच्या दिशेने प्लॅस्टिक तडकतं, आणि तडा कधीच बुजत नाही. इस्त्री आणि केसांचा ड्रायर हे शब्दही नकोत.

करायचं ते असं. आधी कार्ड दोन-तीन आठवडे कोरड्या खोलीत नुसतं राहू द्या, एसी चालणारी खोली असेल तर उत्तम. मग मऊ पाकिटात घाला. हे कार्ड २ १/४ इंचच रुंद आहे, नेहमीच्या पाकिटात सैल पडून कोपरे आपटतात, म्हणून अरुंद पाकीट मागवा. त्यानंतर दोन ताठ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमध्ये ठेवून वर एखाद्या वहीइतकंच वजन. दर आठवड्याला बघा. बाक अर्धा उतरला तरी तिथेच थांबा. पूर्ण सपाट होईपर्यंत हट्ट धरला की टचकन आवाज येतो.

पुढच्या वेळी घेताना विकणाऱ्याकडे एकच फोटो मागा : कार्ड खिडकीशी, उजेड बाजूने. समोरून घेतलेल्या फोटोत तडे दिसतच नाहीत.

प्रश्न : पोस्ट कंपनीच्या नाश्त्याच्या सीरियलची १९६२ ची दोन क्लेमेंटे कार्डं आहेत. एक दुसऱ्यापेक्षा लहान, दोन्हीची मागची बाजू कोरी. कोणतं खोटं? (डॅलस)

बहुधा कोणतंच नाही. ही कार्डं खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेली असत आणि मुलं स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापत. म्हणजे तुमच्या कार्डाची कड एखाद्या आठ वर्षांच्या पोराने ठरवली आहे. मागे काही नसणं साहजिक, तो खोक्याचा आतला भाग. किंमत ठरते ती चौकटीच्या काळ्या रेषेवरून. चारही बाजूंना रेष शाबूत दिसली तर ग्रेडिंगवाले आकडा देतात, रेषेच्या आत कात्री गेली असेल तर भाव पडतो. मोठ्या कार्डावर रेषेबाहेर कागद उरला असेल तर तो ‘नीट’ करायला आज कात्री घेऊ नका.

अख्खं पॅनल किंवा न कापलेलं खोकं मिळालं तर तसंच ठेवा, सुट्या कार्डांच्या बेरजेपेक्षा ते मोलाचं. १९६१ ची काही कार्डं कंपनीने टपालाने छिद्ररेषा असलेल्या तावांवरही पाठवली होती, त्यांच्या कडा दातेरी असतात. ते फाडण्यातला दोष नव्हे. १९६२ ची कॅनडातली आवृत्ती इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत आहे, सापडली तर सोडू नका.

प्रश्न : टॉप्सची नेहमीची कार्डं पूर्ण होत आली. आता याच खेळाडूच्या चमत्कारिक वस्तूंकडे वळायचंय. काय-काय असतं? (पिट्सबर्ग)

तुम्ही गावातच बसला आहात, तेव्हा हात सैल सोडायचा मोह होईल. आधी घरातल्याच संचाकडे परत बघा. १९५८ चं ५२ नंबरचं कार्ड दोन प्रकारचं आहे, संघाचं नाव पांढऱ्या अक्षरांत आणि पिवळ्या अक्षरांत. पिवळं दुर्मीळ. १९५६ च्या ३३ नंबरची पाठ करड्या आणि पांढऱ्या, दोन्ही पुठ्ठ्यांत मिळते. तुमच्याकडे एकेक असेल तर ‘पूर्ण’ म्हणायला अजून वेळ आहे.

मग परदेशी भाऊबंद. टॉप्सची कार्डं व्हेनेझुएलासाठीही निघत. पुठ्ठा पातळ, रंग फिके, चकाकी नाहीच. तिथली मुलं ती अल्बममध्ये चिकटवत, त्यामुळे पाठ फाटलेली किंवा गोंदाने माखलेली असणं हे नेहमीचंच, स्वच्छ, धड पाठ दिसली तर उलट जास्त तपासायचं. कॅनडात लंडन, ऑन्टारियोच्या ओ-पी-ची कंपनीने काढलेल्या कार्डांवर मागे कॅनडात छापल्याची ओळ असते. त्यांच्या कडा खरबरीत, तंतू निघालेल्या. अमेरिकी कार्डांची सवय झालेल्याला त्या फाटल्यासारख्या वाटतात, पण त्या कारखान्यातूनच तशा येत.

खाण्यापिण्याच्या वस्तूंबरोबर आलेला माल सगळ्यात मजेदार. सिनसिनाटीच्या कान्स या सॉसेजवाल्या कंपनीची कार्डं, १९६२ ची सलाडा चहाची प्लॅस्टिकची नाणी, १९६४ ची टॉप्सची पत्र्याची नाणी. सलाडाच्या नाण्यात कागदी चकती बसवलेली असते, ती फिरते का किंवा काठावर पोपडे आलेत का ते बघा, कारण चकती काढून दुसऱ्या नाण्यात बसवता येते. पत्र्याच्या नाण्यावर गंज मागच्या बाजूच्या वळलेल्या कडेत लपतो.

१९६८ ची टॉप्सची थ्रीडी चाचणी मालिका, एकूण १२ कार्डं, त्यात क्लेमेंटे आहे. तिची स्वप्नं बघायला पैसे पडत नाहीत.

तिकिटांचं सांगतो. ३,००० वा हिट ३० सप्टेंबर १९७२ ला थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर मारला, प्रेक्षक १३,११७. नियमित मोसमातला तो त्याचा अखेरचा हिट ठरला. त्या दिवशीचं फाटकं स्टब, म्हणजे तिकिटाचा उरलेला तुकडासुद्धा महाग आहे, म्हणून नकलाही आहेत. स्टबवर तारखेऐवजी फक्त सामन्याचा क्रमांक असेल तर त्या मोसमाचं पायरेट्सचं वेळापत्रक घेऊन घरचे सामने मोजा. आणि फाटलेली कड बघा : खरी कड छिद्ररेषेवर फाटते आणि तंतू सोडते, नकलेची बहुधा कात्रीने कापलेली निघते.

स्वस्तात हवं असेल तर टपाल तिकीट. अमेरिकेने १७ ऑगस्ट १९८४ ला क्लेमेंटेचं २० सेंटचं तिकीट काढलं, पहिल्या दिवसाचा शिक्का कॅरोलिना, पोर्तो रिकोचा. पाकिटासकट काही डॉलरला मिळतं, आणि त्यावर नाव रॉबर्टोच आहे.

प्रश्न : कार्डाच्या पाठीवर मेणाचा डाग आहे, समोर च्युइंगगमचा. निघतील का? (नाशिक)

पॅकेटचं वेष्टण मेणकागदाचं, म्हणून मेण. समोरच्या चकचकीत बाजूवर मेण असतं तर नायलॉनचा पातळ पायमोजा बोटाला गुंडाळून हलक्या हाताने घासल्यावर निघालं असतं. मागची बाजू उघडा पुठ्ठा, मेण आत मुरलेलं, तिथे हात लावू नका. गमचा डागही मुरलेलाच असतो, तो राहणार.

प्रश्न : मुंबईत ठेवायची कशी? (दादर)

आधी प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलिनच्या मऊ पाकिटात, मग टॉपलोडर नावाच्या ताठ प्लॅस्टिकच्या पाकिटात. वास येणारं पीव्हीसीचं पाकीट वापरलं तर ते काही वर्षांत चिकट होऊन चकाकी ओढून घेतं. १९५५ आणि १९५६ ची कार्डं नेहमीच्या नऊ खणांच्या पानात मावत नाहीत, कोंबली की कोपरे जातात. त्यांच्यासाठी आठ खणांची पानं मिळतात. स्क्रू लावायची जाड काचेसारखी खोकी दिसतात देखणी, पण स्क्रू जास्त आवळला की कार्ड चेपून रुंद होतं आणि मग ते ग्रेडिंगला चालत नाही.

सगळं झाकणाच्या घट्ट डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबर दर दोन आठवड्यांनी पुडीचा रंग बघा, बदलला की कढईत मंद आचेवर पूर्ववत करून, गार झाल्यावरच परत ठेवा. ती कढई मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नका. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, ती भिंत पावसाळ्यात पाणी पिते.